पित्तराच्या ताटातला पिझ्झा

केंदूर, ता. शिरूर
४ ऑगस्ट २०२५

सविता,

पाकिटावर केंदूर बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. चार वर्षांपूर्वी तू दुसरं लग्न करून दौंडला गेलीस, त्यानंतर मी तुला साधा फोन केला नाही. आणि आज एकदम पत्र, म्हणजे म्हातारीचं काहीतरी अडलं असणार, असं तू म्हणशील. अडलंच आहे.

फोन केला असता, पण आमचा फोन तुझ्या मामंजींच्या कोपरीच्या खिशात असतो. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून सगळं बोलणं स्पीकरवर चालतं, अर्धी आळी ऐकते. तुझं नाव निघालं तर घरात काय होईल ते तुला सांगायला नको. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यामुळे मी सांगते आणि घरातलं माणूस लिहितं.

भाद्रपदात चतुर्दशीला सुदर्शनचं पित्तर असतं. अपघातानं गेलेल्याचं त्याच दिवशी घालतात. दरवर्षी मी ताटात पुरणपोळी, वडे, खीर वाढते, विस्तवावर आगारी टाकते आणि ताट पत्र्यावर ठेवते. परवा प्रांजलनं विचारलं, पप्पांना पुरणपोळी खूप आवडायची का. मी म्हटलं, तर काय. तुझा धाकटा दीर तिथंच फवारणीचा पंप धूत बसला होता. तो म्हणाला, "आये, दादा पुरणपोळी ताटाच्या कडंला सारायचा. त्याला त्यो अमेरिकेतला पिझ्झाच लागायचा."

खरंच होतं ते. गेलेल्या लेकराला मी सहा वर्षं माझ्या हाताला जे जमतं तेच वाढत आले.

कंपनीनं त्याला सहा महिने टेक्सासला मशीन शिकायला धाडलं, तिथं तो दोन मेक्सिकन पोरांच्या खोलीत राहिला आणि येताना हे खूळ घेऊन आला. रविवारी तुम्ही दोघं मागच्या पडवीत करत बसायचा आणि मी नाक मुरडत आत जायचे. एकदाही जवळ येऊन बघितलं नाही. तेवढं सगळं नीट लिहून पाठव. पत्र बानूबाईच्या नावानं अंगणवाडीच्या पत्त्यावर टाक, ती माझ्याकडे गुपचूप पोचवेल.

रंगुबाई

*

रेल्वे कॉलनी, दौंड
९ ऑगस्ट २०२५

आत्याबाई, पाया पडते.

पोस्टमन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. पाकीट बघितलं आणि आधी प्रांजलचंच मनात आलं. पहिल्याच ओळीत तुम्ही सगळे धडधाकट असल्याचं लिहिलंत, फार बरं केलंत. अक्षर प्रतिभाचं ना? माझ्या वेळी आमच्या धाकट्या जाऊबाईंचं अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या. आता चांगलं गोल झालंय.

आता पिझ्झा. तीन वाट्या मैदा आणि वाटीभर मक्याचं पीठ घ्या. गिरणीतनं आणलेलं जाडसर चालेल, उलट तेच बरं. यीस्टची पुडी सोबत पाठवलीय. ती कोमट पाण्यात साखर घालून भिजवा, फेस आला की त्यानं पीठ मळा, तेल लावा आणि दोन तास झाकून ठेवा. राजमा शोधत शिक्रापूरला जाऊ नका. आपला वाघ्या घेवडा चालतो. तिकडच्या राजम्यापेक्षा आपला घेवडा चवीला चढ आहे, असं प्रांजलचे पप्पाच म्हणायचे. रात्री भिजवून सकाळी मऊ शिजवा, मग लसूण, जिरं आणि लाल तिखट फोडणीला टाकून त्यात घेवडा रगडा. टोमॅटोच्या रसात पण जिरंच घालायचं, साखर नाही. गोड पिझ्झा केला की ते चिडायचे. वर मक्याचे दाणे, कांदा, ढोबळी मिरची आणि व्हिनेगरमध्ये दोन दिवस मुरवलेल्या हिरव्या मिरचीच्या चकत्या. शेवटी किसलेलं चीज. खाताना लिंबू आणि कोथिंबीर.

भट्टी म्हणून जर्मलच्या मोठ्या पातेल्यात वाळू तापवा, वाळूवर तिवई, तिच्यावर ताटली. घट्ट झाका. वीस मिनिटांत होतं.

आत्याबाई, लिहून सगळं येत नाही. मी येऊन करून देऊ का? सकाळच्या एसटीनं येईन आणि मामंजी शेतावरून यायच्या आत निघेन. लग्न ठरलं तेव्हा मामंजी म्हणाले, पोरगी या घरची आहे, ती इथंच राहील. मी मान खाली घालून हो म्हटलं. तेव्हा ती सात वर्षांची होती. आता केवढी झाली असेल, मला अंदाज येत नाही. इथल्या शाळेसमोरून जाताना मी अकरा-बारा वर्षांच्या मुली बघत उभी राहते.

ती माझी आठवण काढते का, एवढं तरी लिहा.

सविता

*

केंदूर
१७ ऑगस्ट २०२५

सविता,

तुझा पिझ्झा फसला. पीठ दोन तास काय, चार तास ठेवलं, पण तुझे मामंजी जेवून बसतात तसं एका जागी बसून राहिलं. शेवटी त्याच्या भाकऱ्या थापल्या. घेवडा मात्र झकास झाला, तो सगळ्यांनी भाकरीबरोबर चाटून पुसून खाल्ला. चीज आणलंच नाही. ते पिवळं रबर माझ्यानं हातात धरवत नाही.

तुझ्या येण्याचं. सविता, तू शहाणी आहेस. दुसऱ्या घरचं कुंकू लावलेल्या बाईच्या हातचं पहिल्या नवऱ्याच्या पित्तराला चालत नाही. मी केलं नसतं तरी चाललं असतं, पण तू केलेलं चालणार नाही. हे मी ठरवलेलं नाही, आपल्यात असंच आहे. आणि नुसती आलीस तरी कोणीतरी तुझ्या मामंजींच्या कानावर घालणारच.

प्रांजल बरी आहे. सहावीत आहे. ती तुझी आठवण काढत नाही.

पीठ का फुगलं नाही ते कळव. चतुर्दशीला महिना राहिला.

रंगुबाई

*

दौंड
२२ ऑगस्ट २०२५

आत्याबाई, नमस्कार.

पाणी कडक घेतलंत का? तुम्ही चहाचं आधण उतरवून तसंच ओतलं असणार, तुमची घाई मला माहीत आहे. यीस्ट म्हणजे जिवंत जिन्नस, कडक पाण्यानं मरतं. बोट घालून बघा. तान्ह्या बाळाला अंघोळ घालताना घेतो तेवढंच कोमट पाहिजे. दोन पुड्या आणखी पाठवल्यात.

चीज लागेलच. ते तुमच्याच्यानं आणवत नसेल तर प्रतिभाला आणायला सांगा.

प्रांजलबद्दल लिहिलंत ते वाचलं. खरं लिहिलंत म्हणून राग नाही. पण तुम्ही खोटं लिहिलं असतंत तर मला चाललं असतं. आमचे हे पत्र बघून म्हणाले, "सविता, किती वेळा वाचशील तेच?" मी म्हटलं, पाककृती पाठ करतेय. ते चांगले आहेत, आत्याबाई. जास्त विचारत नाहीत.

सविता

*

केंदूर
२ सप्टेंबर २०२५

सविता,

जमला. पीठ असं टम्म फुगलं की वरचं फडकं वर आलं. मी पडवीत तीन दगडांची चूल मांडली, वाळू तापवली, आणि घरातलं एक माणूस तुझं पत्र हातात धरून पुढचं पुढचं वाचत होतं. चीज वितळलेलं मला नीट दिसलं नाही, पण वास आला. तोच वास. मी पदर तोंडाला लावून थोडा वेळ गोठ्यात जाऊन उभी राहिले. परत येईस्तोवर पोरांनी फडशा पाडला होता. मला एक तुकडा ठेवला होता. चांगला लागतो गं. तो असताना खाल्ला असता तर काय बिघडलं असतं माझं.

पण वास तुझ्या मामंजींपर्यंत गेला. ते पडवीत आले, ताटली बघितली. कशासाठी चाललंय ते मी सांगितलं, लपवून काय करणार. ते म्हणाले, "ज्याच्यापायी पोरगं गेलं ते त्याच्या ताटात वाढतीस? जिनं दिवेलागणीला चीज आणाया धाडलं तिला इचार, लागतं का गोड." आणि जेवायचे राहिले.

तुला खरं सांगते, तू दुसरं लग्न केलंस याचा त्यांना राग नाही. तू तरुण होतीस, एवढं त्यांना समजतं. त्यांच्या मनात ती एकच गोष्ट अडकून बसलीय. ती नसती तर तू माहेरवाशिणीसारखी आली-गेली असतीस, पोरीला भेटली असतीस.

माझं म्हणशील तर माझा राग गेला. बाईमाणसाला कधी एखादी गोष्ट खावीशी वाटते. तुला वाटली, तू नवऱ्याला सांगितलंस, त्यात पाप काय? शिक्रापूरच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी असेल हे तुला काय माहीत. मी तुला मनातून सोडलं, सविता. चतुर्दशीला मी ताटात पिझ्झा ठेवणारच, मग ते जेवोत न जेवोत.

रंगुबाई

*

दौंड
७ सप्टेंबर २०२५

आत्याबाई,

तुम्ही मला मनातून सोडलं म्हणालात. साडेसहा वर्षं तुमचा राग मला पेलत होता, ही माफी पेलत नाही. म्हणून आज लिहिते. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाला. आणि प्रतिभा, वाचणारी तू आहेस म्हणून तुलाही कळणार. तुझ्या लेकरांची शपथ आहे, तुझ्यातच ठेव.

मी त्यांना पाठवलं नव्हतं.

त्या दिवशी ते पहिल्या पाळीवरून आले होते. पीठ मी दुपारीच मळून ठेवलेलं. चीजचा डबा उघडला तर बुरशी आलेली. मी म्हटलं, राहू दे, आज भाकरी खाऊ, उद्या करू. तर प्रांजलनं भोकाड पसरलं. पाच वर्षांची ती. दारात आडवी पडून पाय आपटायला लागली, आजच पाहिजे, आत्ताच पाहिजे. मी एक धपाटा घातला तर आणखी रडली. ते हसले. म्हणाले, "माझी मालकीण रुसली. आलोच." तिला उचलून गाडीच्या टाकीवर बसवून अंगणात एक चक्कर मारली, खाली उतरवलं आणि गेले.

त्यांना घरी आणलं तेव्हा मामंजींनी भर अंगणात विचारलं, "ह्या वक्ताला ह्यो कशाला गेला हुता?" प्रांजल तुमचा पदर धरून उभी होती. ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती. मी तिच्या आधी बोलले. मी म्हटलं, मी पाठवलं.

दुसरं काही सुचलंच नाही, आत्याबाई. नाहीतर गावानं तिला जन्मभर बापाला खाणारी म्हटलं असतं. सोयरीक जमवताना म्हटलं असतं, नांदायला गेल्यावर म्हटलं असतं. मला काय, दोन वर्षं ऐकलं आणि दौंडला आले.

मामंजींनाही सांगू नका. मला कितीही यावंसं वाटलं तरी सांगू नका. घरात एकाला कळलं की कधीतरी रागाच्या भरात ते पोरीच्या तोंडावर येणार. ती विसरलीय, तर विसरलेलीच राहू दे. मी इतकी वर्षं तेवढंच एक सांभाळलंय.

सविता

*

दौंड
२४ सप्टेंबर २०२५

आत्याबाई,

माझ्या पत्राला उत्तर नाही. चतुर्दशी होऊन चार दिवस झाले. पिझ्झा ठेवलात का? तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. पत्र कोणाच्या हाती तर लागलं नाही ना, या काळजीनं मला जेवण जात नाही.

सविता

*

केंदूर
२८ सप्टेंबर २०२५

आई,

मी प्रांजल. हे अक्षर तू ओळखशील, कारण सगळी पत्रं मीच लिहिली आहेत. प्रतिभाकाकीला काहीच माहीत नाही. आजी म्हणाली, आईला सांगू नको तू लिहितेस ते, नाहीतर ती सगळं रडूनच लिहील आणि आपला पिझ्झा राहील बाजूला. तुझी पत्रंपण मीच वाचून दाखवायचे. बानूबाई ती मलाच देतात.

मी एक खोटं लिहिलं होतं. आजीनं सांगितलं होतं, लिही, प्रांजल तुझी आठवण काढते. मी लिहिलं, काढत नाही. मला तुझा राग आला होता. आबा नेहमी म्हणतात, आईनं पप्पांना पाठवलं म्हणून ते गेले. मला वाटायचं तुला पिझ्झा पप्पांपेक्षा जास्त आवडत होता.

तुझं सात तारखेचं पत्र मी आजीला वाचून दाखवलं नाही. थोडं वाचलं आणि पुढचं मनात वाचलं. आजीनं विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, आईला सर्दी झालीय. पत्र चुलीत घातलं नाही, माझ्या भूगोलाच्या वहीत आहे.

चतुर्दशीला मी म्हटलं माझं पोट दुखतंय. आजीला एकटीला दिसत नाही, त्यामुळे पिझ्झा झाला नाही. ह्यावर्षीपण पुरणपोळीच ठेवली. आजी खूप रडली. मला ते पीठ मळवेना.

मी खूप आठवून बघितलं. दारात पाय आपटलेले कधी आठवल्यासारखं वाटतं, पण ते खरं आठवतं की तुझं पत्र वाचून वाटतं, कळत नाही. गाडीच्या टाकीवर बसलेली मात्र मला आठवते. ती गरम होती.

आई, मी आबांना सांगू का? आजी म्हणते, आबांचा राग तेवढ्या एकाच गोष्टीचा आहे. मी सांगितलं, की आईनं नाही पाठवलं, मी पाठवलं, तर ते तुला घरात येऊ देतील. मला बोलले तरी चालेल. मी मोठी झालेय. काल दोनदा सांगायला गेले, पण आबा दूध काढत होते, म्हणून तशीच परत आले. मग मी ठरवलं, आधी तुला विचारू. तू सांग म्हणालीस की लगेच सांगते.

मी तुझी आठवण काढते.

प्रांजल

*

दौंड
२ ऑक्टोबर २०२५

प्रांजल,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर फार सुंदर आहे. एवढं तूच लिहीत होतीस हे मला कळलं नाही, कशी आई मी.

आता मी सांगते ते नीट वाच, आणि एकदा वाचून समजलं नाही तर दोनदा वाच. सात तारखेच्या पत्रात मी लिहिलं ते खोटं आहे. मला घरी यायचं होतं, तुला भेटायचं होतं. तुझे आबा माझ्यावर चिडलेत, तर तो राग दुसऱ्या कोणावर तरी ढकलावा असं माझ्या मनात आलं. लहान पोरीचं नाव घेतलं तर तिला कोण काय बोलणार, असं वाटलं आणि मी तुझं नाव घेतलं. चुलीत घाला म्हणून लिहिलं ते त्यासाठीच, कोणी मला उलट विचारू नये म्हणून. मोठी माणसंही असं वाईट वागतात. मी वागले.

त्या संध्याकाळी तू झोपली होतीस. शाळेतून दमून आली होतीस, जेवायचीही थांबली नाहीस. तुला आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच. दारात पाय आपटलेले तुला आठवल्यासारखं वाटतं ते माझं पत्र वाचून, दुसरं काही नाही. टाकीवर पप्पा तुला रोजच बसवायचे. ती आठवण खरी आहे, ती ठेव.

पिझ्झा मला खायचा होता. मी हट्ट धरला. ते दमले होते, नको म्हणाले होते, तरी मी पाठवलं. तुझे आबा म्हणतात ते बरोबर आहे. ते तुला सांभाळतात, खोटं बोलत नाहीत. त्यांना काही सांगायला जाऊ नकोस, कारण सांगण्यासारखं तुझ्याकडे काहीच नाही.

ते पत्र वहीतून काढ आणि आज संध्याकाळी चूल पेटली की आत टाक. आजीला म्हण, सर्दी बरी झाली. पुढच्या वर्षी तिला पिझ्झा करायला मदत कर. पाणी कोमट घे. तुझ्या पप्पांच्या ताटात तुझ्या हातचं असायला काहीच हरकत नाही, तुझा काही दोष नाही.

मला आता पत्र लिहू नकोस. माझा राग आला तर येऊ दे, तो खरा आहे.

हे पत्र मात्र जाळू नकोस. आबांना दाखवलंस तरी चालेल.

तुझी आई